बाळाच्या वजनाची नोंद : वेगळे यंत्र की स्मार्टफोन?

दिवाळी सरली, की धाराशिव जिल्ह्यातील भूम, परंडा, वाशी, कळंब या भागांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात. आईबापांसोबत लहान मुलेही जातात आणि हंगाम संपेपर्यंत फडाजवळच्या खोपीत राहतात. गावच्या अंगणवाडीत दरमहा होणारे त्यांचे वजन तेवढे महिने चुकण्याची भीती असते. त्यामुळे ही नोंद वहीत ठेवावी, वेगळ्या यंत्रात की रोजच्या वापरातल्या स्मार्टफोनमध्ये, हा प्रश्न केवळ सोयीचा राहत नाही.

मुलाचे एकदाच घेतलेले वजन फारसे काही सांगत नाही. मागील दोन-तीन महिन्यांच्या वजनाशी ते ताडून पाहिले, तरच वाढ चालू आहे की थांबली, हे कळते. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर ते तीव्र कुपोषित मानले जाते. मूल त्या टप्प्याला पोहोचण्याआधी घसरण ओळखायची असेल, तर नोंदीत खंड पडून चालत नाही.

अंगणवाडी सेविकांकडे पूर्वी ११ नोंदवह्या असत. वहीला चार्जिंग लागत नाही, रेंजही लागत नाही. पण वाढीचा आलेख ती स्वतः काढून देत नाही आणि मूल दुसऱ्या गावी गेले, तरी ती कपाटातच राहते. यावर उपाय म्हणून हातात मावणाऱ्या यंत्रांचा विचार बराच आधी झाला होता. १९९०च्या दशकात राजस्थानातील आरोग्यसेविकांसाठी ‘न्यूटन’ या यंत्रावर प्रयोग झाला. पुढे बेंगळुरूच्या शास्त्रज्ञांनी ‘सिम्प्युटर’ तयार केला. एकच यंत्र अनेकांनी वापरावे आणि प्रत्येकाची माहिती ज्याच्या-त्याच्या स्मार्ट कार्डावर राहावी, अशी त्यामागची कल्पना होती. तो २००४ मध्ये बाजारात आला. पण मोबाइलच्या लाटेपुढे टिकला नाही.

महाराष्ट्रातील सेविकांना नंतर सरकारकडून खास कामासाठी स्मार्टफोन मिळाले. मार्च २०२१ मध्ये ‘पोषण ट्रॅकर’ हे नवे ॲप आले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राज्यभर सेविकांनी हे फोन परत करण्याचे आंदोलन केले. दोन जीबी रॅममध्ये ॲप नीट चालत नाही, फोन तापतो, दुरुस्तीचा खर्च अंगावर पडतो, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. म्हणजे वेगळे यंत्र दिले, की प्रश्न सुटतो असे नाही. ॲप मोठे होत जाते. त्याच्याबरोबर यंत्र बदलले नाही, तर ते अडगळीत जाते.

मग स्वतःचाच फोन वापरावा का? तो हाताशी असतो, सवयीचा असतो. पण घरचा फोन एकट्याचा नसतो. मुले त्यावर खेळतात, कुणीतरी तो शेतात घेऊन जाते, फोटो-व्हिडिओंनी जागा भरते. शिवाय गावातील मातांची आणि बालकांची माहिती घरातल्या कुणाच्याही हाती पडू शकते. घरपोच आहारासाठी १ जुलै २०२५ पासून चेहरा पडताळणी सक्तीची झाली आहे. त्यामुळे फोनचा कॅमेरा किंवा रेंज दगा देते, तेव्हा अडचण थेट लाभार्थ्याच्या आहारापर्यंत पोहोचते.

दोन्ही बाजू पाहता उत्तर मधले आहे. कामाचा फोन वेगळा असावा, तो कामापुरताच वापरावा आणि त्याचा रिचार्ज, दुरुस्ती व बदली ही देणाऱ्याची जबाबदारी असावी. मात्र तो नेटला जोडलेला हवा. ‘पोषण ट्रॅकर’मध्ये स्थलांतरित लाभार्थ्याची नोंद दुसऱ्या अंगणवाडीकडे वर्ग करण्याची सोय आहे, कपाटातल्या वहीला किंवा नेटशिवायच्या यंत्राला हे जमणारे नाही.

पालकांच्या हातातही एक साधन आहे : माता-बाल संरक्षण कार्ड. लसी, वजन, वाढीचा आलेख सारे त्यात असते. गाव सोडण्यापूर्वी अंगणवाडीताईंना जाण्याचे ठिकाण सांगावे, शेवटचे वजन कार्डावर लिहून घ्यावे, कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत सोबत न्यावे आणि त्याच्या पानांचा फोटो फोनमध्ये ठेवावा. कार्ड भिजले तर फोटो कामी येतो, फोन बंद पडला तर कार्ड. फडाजवळच्या गावात पोहोचल्यावर तिथली अंगणवाडी गाठून पुढचे वजन त्याच कार्डावर नोंदवून घ्यावे.