लेखांक ४ : आखडलेला खांदा आणि स्पेन्सर यांच्या सात हालचाली

दंडाच्या हाडाचा गोल माथा मोठा आणि त्याला आधार देणारी खांद्याच्या पात्यावरची खोबण मात्र उथळ, अशी रचना असल्यामुळे खांदा हा शरीरातील सर्वांत मोकळा आणि तितकाच सहज निखळणारा सांधा ठरतो. हा माथा जागेवर राहतो तो रोटेटर कफ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चार स्नायूंच्या कड्यामुळे आणि सांध्याला वेढणाऱ्या आवरणामुळे, म्हणजेच संधिकोशामुळे. संधिकोश सुजून जाड होतो व आकसतो, तेव्हा खांदा आखडतो. या विकाराला फ्रोझन शोल्डर हे नाव बोस्टनचे शल्यविशारद अर्नेस्ट कॉडमन यांनी १९३४ मध्ये दिले. चाळिशी ते साठीच्या दरम्यान, स्त्रियांमध्ये आणि विशेषतः मधुमेहींमध्ये तो अधिक आढळतो.

केस विंचरणे किंवा पाठीमागचे हूक लावणे जड जाऊ लागले की रुग्णाचे लक्ष तिकडे जाते. परंतु निदानाच्या दृष्टीने अधिक बोलकी खूण वेगळीच आहे. कोपर काटकोनात वाकवून बरगड्यांशी टेकवावे आणि पंजा बाहेरच्या बाजूला वळवावा; आखडलेल्या खांद्यात ही हालचाल रुग्णाला स्वतः तर जमत नाहीच, पण दुसऱ्याने हात धरून वळवला तरीही तो अडतो. कफचा स्नायू फाटला असेल तर स्वतःहून हात उचलणे अवघड जाते, दुसऱ्याने उचलल्यास मात्र तो बहुधा वर जातो.

आखडलेल्या खांद्यावरचा एक उपचार ऑस्टिओपॅथी या हातांनी करायच्या उपचारपद्धतीतून आला. अमेरिकन वैद्य अँड्र्यू टेलर स्टिल यांनी १८७४ मध्ये तिची मांडणी केली आणि १८९२ मध्ये मिसूरी राज्यातील कर्क्सव्हिल येथे तिचे पहिले विद्यालय काढले. बहुतेक रोगांचे मूळ हाडे-सांध्यांच्या बिघाडात शोधणारा त्यांचा सिद्धान्त आज टिकणारा नाही. तथापि दुखऱ्या जागेपलीकडे पाहण्याचा त्यांचा आग्रह खांद्याच्या बाबतीत रास्त ठरतो, कारण हात डोक्यावर नेताना होणाऱ्या सुमारे १८० अंशांपैकी जवळजवळ ६० अंश खांद्याच्या पात्याच्या सरकण्यातून येतात, आणि पाठीचा वरचा कणा ताठरलेला असेल तर पातेही मोकळेपणाने सरकत नाही.

याच परंपरेतील चार्ल्स स्पेन्सर यांनी १९१६ मध्ये मांडलेली सात टप्प्यांची पद्धत आजही वापरात आहे. रुग्णाला निरोगी कुशीवर निजवून उपचारक एका हाताने पाते स्थिर धरतो आणि दुसऱ्या हाताने दंड क्रमाने मागे, पुढे, वर्तुळात, बाजूला व आतल्या बाजूला नेतो, शेवटी हलका ताण देतो. नंतरच्या काळात तिला एक जोड मिळाली : अडथळा जाणवताच रुग्णाने काही सेकंद उलट दिशेने हलका जोर द्यायचा, मग स्नायू सैल सोडायचा, आणि त्या शिथिलतेत हात थोडा पुढे न्यायचा. ‘सहन करा, मोकळा होईल’ असे म्हणत हात ओढणे हे या पद्धतीच्या विरोधात आहे. विकाराच्या सुरुवातीच्या, वेदनेच्या काळात तर अशी ओढाताण दुखणे वाढवते.

या उपचाराविषयीच्या चाचण्या लहान आहेत आणि आखडलेला खांदा अनेकदा एक ते तीन वर्षांत आपोआपही बराच सुटतो, त्यामुळे सगळे श्रेय उपचाराला देता येत नाही. ताजा अस्थिभंग, निखळलेला सांधा किंवा सांध्यातील जंतुसंसर्ग असल्यास या हालचाली वर्ज्यच आहेत. खांदा हलवल्याने ज्या वेदनेत काहीच फरक पडत नाही, तिचे मूळ अन्यत्र शोधावे लागते : पित्ताशयाच्या विकारात मध्यपटलाच्या मज्जातंतूमार्गे उजवा खांदा दुखतो, आणि छातीत दडपण व घाम यांसह डावा खांदा दुखू लागल्यास उपचारकाकडे नव्हे, तर तातडीने रुग्णालयात जावे लागते.