मेणातल्या ठिपक्यांची परीक्षा

चांगल्या मॅमोग्राफी केंद्रात आठवड्याचा पहिला ‘रुग्ण’ ॲक्रिलिकचा असतो. त्याला फँटम म्हणतात. तळहातावर मावेल असा हा ठोकळा, आत मेणाची वडी. दाबल्यावर ४.२ सेंटिमीटर जाडी उरणाऱ्या, निम्म्या ग्रंथी आणि निम्म्या चरबीच्या स्तनाइतकेच क्ष-किरण तो शोषतो. मेणात ६ तंतू, बारीक ठिपक्यांचे ५ पुंजके आणि ५ गाठी दडवलेल्या असतात.

तंत्रज्ञ ठोकळा छातीच्या कडेशी लावून ठेवते, वरून दाबपट्टी टेकवते, एक्सपोजर देते. मग खोलीतले दिवे मालवून मॉनिटरवर मोजणी. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीच्या मूळ निकषानुसार किमान ४ तंतू, ३ पुंजके आणि ३ गाठी दिसल्याच पाहिजेत. तिसऱ्या पुंजक्यातला ठिपका जेमतेम ०.३२ मिलिमीटरचा. कर्करोगाची गाठ हाताला लागण्याआधी कधी कधी एवढेच कॅल्शियमचे कण दिसतात, म्हणून हा हट्ट. आणि हे सगळे एका एक्सपोजरला सरासरी ग्रंथी-डोस ३ मिलिग्रेच्या आत ठेवून साधायचे.

डोस कमी केला आणि ठिपके हरवले, तर तेवढे किरणही बाईने फुकटच सोसले.

फिल्मच्या काळात एक आपसूक पहारा होता: डोस जास्त झाला की फिल्म काळी पडे आणि चूक लगेच कळे. डिजिटल यंत्रात हा पहारा उठला. किरण जास्त पडले तर चित्रातला दाणेदारपणा कमी होतो, ते उलट अधिक देखणे दिसते आणि कुणाची तक्रार येत नाही. डोस असाच नकळत चढत जातो. त्यामुळे वैद्यकीय भौतिकतज्ज्ञ वेगवेगळ्या जाडीचे ॲक्रिलिक ठेवून स्वयंचलित एक्सपोजर तपासतात, नळीचा व्होल्टेज मोजतात, किरणांची भेदकता पाहतात. ग्रंथींपर्यंत पोचलेला डोस थेट मोजता येत नाही. पृष्ठभागावरचे मोजमाप घेऊन, ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ डान्स यांनी १९९० मध्ये मांडलेल्या गुणकांनी तो काढतात.

दाबपट्टीबद्दल बायकांची तक्रार असते, आणि ती खरीच आहे, दुखते. पण जाडी कमी झाली की कमी किरणांत काम भागते, विखुरलेले किरण घटतात, हालचालीने चित्र पुसट होत नाही. हे दोन वाक्यांत आधी सांगितले तर बाई अंग चोरत नाही आणि दुसऱ्यांदा चित्र काढायची वेळ सहसा येत नाही. डोस वाचवण्याचा याहून स्वस्त उपाय नाही.

नागपूरला चांगल्या चित्राचा आणखी एक शत्रू आहे: उन्हाळा. पारा ४५ अंशांवर जातो. अनेक डिजिटल यंत्रांच्या डिटेक्टरमध्ये सेलेनियमचा थर असतो आणि त्याला उष्णता व तापमानातले चढउतार सोसत नाहीत. संध्याकाळी ओपीडी संपली म्हणून या खोलीचा एसी बंद करणे ही काटकसर नव्हे.

नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे ‘मेडिकल’मध्ये, तुकडोजी कर्करोग रुग्णालयात किंवा जामठ्याच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत गडचिरोली, चंद्रपूर, बालाघाटहून बायका येतात. टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईत केलेल्या मोठ्या अभ्यासात, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केलेल्या हाताच्या तपासणीने पन्नाशीपुढच्या स्त्रियांतील स्तनकर्करोगाचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. गावपातळीवर तोच मार्ग परवडणारा. पण संशय आल्यावर मॅमोग्राफी लागतेच, आणि पुसट चित्रापायी गडचिरोलीच्या बाईला पुन्हा एसटीने यायला लावणे हा तिच्यावर अन्याय आहे.

१९८३ मध्ये स्थापन झालेले, मुंबईचे अणुऊर्जा नियामक मंडळ क्ष-किरण यंत्रांना परवानगी देते आणि दर दोन वर्षांनी गुणवत्ता चाचणी सक्तीची करते. तेव्हा तपासणीला जाताना दोन गोष्टी विचारा: मंडळाची परवानगी आहे का, आणि शेवटची चाचणी कधी झाली. जुन्या फिल्म्स किंवा सीडी असतील तर त्याही बरोबर न्या.