कांदळवन आणि भरतीचे पाणी

कोकणातील नद्या जेथे समुद्राला मिळतात, तेथे खाड्यांच्या दोन्ही काठांवर गर्द हिरव्या झाडीचा पट्टा आढळतो. खाडीकाठच्या गावांतून या झाडांना तिवर, कांदळ, चिप्पी अशी निरनिराळी नावे आहेत. शासकीय परिभाषेत त्या सर्वांना मिळून कांदळवन म्हणतात. भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२१ च्या अहवालानुसार महाराष्ट्रात अशी वने ३२४ चौरस किलोमीटर क्षेत्रावर असून त्यांत रायगड जिल्ह्याचा वाटा सर्वांत मोठा आहे. गावच्या दप्तरात मात्र ही जमीन पुष्कळदा लागवडीस अयोग्य म्हणून नोंदलेली असते. जी जमीन पिकत नाही ती निरुपयोगी, असा समज त्यामुळे नकळत दृढ होतो आणि भरावासाठी, कचरा टाकण्यासाठी प्रथम तीच नजरेस येते.

वस्तुतः ही झाडे जेथे उभी असतात तेथे दुसरे कोणतेही झाड तग धरू शकत नाही. खाडीच्या चिखलात वरचा पातळ थर सोडला की प्राणवायू जवळजवळ नसतोच. पाय रुतताच वर येणारा कुबट वास त्याचीच खूण होय. म्हणून तिवराची मुळे जमिनीतून सरळ वर येतात. बुंध्याभोवती शेकडो खुंट्या रोवल्यासारखी दिसणारी ही मुळे ओहोटीच्या वेळी हवा घेतात व ती चिखलातील मुळांपर्यंत पोहोचवितात. खाऱ्या पाण्यातील जादा मीठ तिवर पानांवाटे बाहेर टाकते. पान जिभेला लावले तर खारट लागते ते यामुळेच. कांदळाची रीत वेगळी आहे. ते बरेचसे मीठ मुळांपाशीच अडवते, आणि त्याचे बी झाडावर असतानाच रुजून लांब शेंगेसारखे लोंबू लागते. विद्यार्थ्यांना खाडीकाठी नेणाऱ्या शिक्षकांना अनुकूलनाच्या पाठासाठी याहून चांगले उदाहरण क्वचितच मिळेल.

या झाडांची पाने चिखलात गळतात, जीवाणू व बुरशी ती कुजवितात आणि त्या कुजक्या अन्नावर खेकडे, शिंपले, कोळंबीची पिले पोसली जातात. कोळंबीच्या अनेक जाती अंडी समुद्रात घालतात. त्यांची इवली पिले भरतीबरोबर खाडीत शिरतात, मुळांच्या दाटीत मोठ्या माशांपासून बचावतात आणि वाढल्यावर समुद्राकडे परततात. रायगडकरांच्या पंक्तीत मानाचे स्थान असलेल्या जिताड्याची पिलेही निमखाऱ्या पाण्यातच वाढतात. चिंबोऱ्या, कालवे, निवट्या हे तर खाडीचे कायमचे रहिवासी. खोल समुद्रात जाळे टाकणाऱ्या मच्छीमाराच्या मिळकतीचा काही भाग अशा रीतीने त्या 'पडीक' जमिनीतून येत असतो; सातबाऱ्यावर त्याची नोंद होत नाही, एवढेच.

या सर्व व्यवहाराचा आधार म्हणजे दिवसातून दोनदा येणारी व जाणारी भरती. ती थांबली की कुऱ्हाड न लावताही कांदळवन मरते. खाडीच्या तोंडाशी भराव पडला किंवा मोऱ्या न ठेवता रस्ता बांधला गेला, तर आतल्या जमिनीला उधाणाचे पाणीही पोहोचत नाही. उन्हाळ्यात तेथील ओल आटते, मीठ साचत जाते आणि त्याचे प्रमाण समुद्राच्या पाण्याहूनही वाढते. याउलट पाणी आत कोंडून राहिले, तर वर आलेली मुळे सतत बुडालेली राहतात व झाड गुदमरते. राडारोडा टाकल्यानेही तेच होते. झाडे वाळली की 'येथे आता कांदळवन नाही' असे सांगणारे पुढे येतात. पंचनाम्याला जाणाऱ्या कर्मचाऱ्याने म्हणूनच तोडलेले बुंधे शोधून थांबू नये. पाण्याची वाट कोठे बुजली आहे, हेही पाहावे.

खारभूमीचा प्रश्न येथे येतोच. समुद्राला बांध घालून भातशेती करणे हा कोकणातील शेतकऱ्यांचा जुना उद्यम असून त्यासाठी १९७९ चा महाराष्ट्र खारजमीन विकास अधिनियम आहे. उधाणाने बांधाला खांड पडली आणि ती वेळीच बुजविली नाही, तर पाण्याबरोबर तिवराचे बी शेतात येते आणि काही वर्षांत भाताच्या जागी झाडी उभी राहते. मग जमीन शेतकऱ्याची की वनाची, असा तंटा उद्भवतो. शेतकऱ्याची ही तक्रार रास्त आहे, आणि तिचे उत्तर झाडे तोडण्यात नसून बांध व उघाड्या वेळेवर दुरुस्त करण्यात आहे. बांधाच्या समुद्राकडील बाजूस असलेली तिवरे लाटांचा जोर मोडतात, तेव्हा ती बांधाची राखणच करतात.

कायद्याची स्थिती स्पष्ट आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये अंतरिम आदेशाने आणि १७ सप्टेंबर २०१८ रोजी अंतिम निकालाने कांदळवनाच्या तोडीस व त्यात भराव टाकण्यास मनाई केली असून वनाभोवतीच्या ५० मीटर पट्ट्यातही बांधकामास बंदी आहे. राज्याच्या वन विभागात २०१२ पासून स्वतंत्र कांदळवन कक्ष कार्यरत आहे. ठाणे खाडीचा भाग २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून घोषित झाला व २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या रामसर पाणथळ स्थळांत त्याचा समावेश झाला. रोहित मात्र झाडीत चरत नाहीत, ते उघड्या चिखलावर चरतात. त्यामुळे मोकळा दिसेल तो चिखल रोपांनी भरून काढण्याचा उत्साह आवरलेलाच बरा.

रोपवन करण्यापूर्वी पाण्याचा मार्ग तपासणे अगत्याचे आहे. बुजलेली मोरी मोकळी केली व भरती पूर्ववत आत येऊ लागली, आणि जवळपास जुनी झाडे शिल्लक असली, तर पावसाळ्यात तिवराचे बी पाण्यावर तरंगत येऊन आपोआप रुजते. रस्त्याच्या नव्या कामात मोऱ्यांची संख्या व तळाची पातळी ठरविताना उधाणाची आणि भांगाची अशा दोन्ही भरतींची पाणीरेषा जागेवर पाहिलेली असावी. ही रेषा कोठवर येते, हे गावातील मच्छीमार अचूक दाखवू शकतात.