दहापैकी दहा गेले कुठे?

गणितात दहापैकी दहा मिळाले तर तुम्ही घरभर नाचाल ना? नेली किमला ऑलिंपिकमध्ये दोनदा दहापैकी दहा मिळाले. पुढे ती जिम्नॅस्टिक्सच्या एका मोठ्या समितीची अध्यक्ष झाली आणि तिच्याच कारकिर्दीत या खेळातून दहापैकी दहा हद्दपार झाले! आहे की नाही गंमत?

साल १९७६. कॅनडातलं माँट्रियल शहर. रुमानियाची १४ वर्षांची नादिया कोमानेच बारवर अशी काही झुलली, की पंचांनी पूर्ण दहा गुण दिले. फलकावर मात्र झळकलं १.००! कारण १०.०० दाखवायची सोयच त्या फलकात नव्हती. नादिया जगभर गाजली. सोव्हिएत संघाची १८ वर्षांची नेली त्या गडबडीत जराशी झाकोळली, पण तिचा पराक्रम काही कमी नव्हता. व्हॉल्ट आणि फ्लोअर या दोन प्रकारांत ऑलिंपिकमधले पहिले दहा तिचेच.

फ्लोअरवर तिनं काय केलं माहितेय? पळत येऊन उसळी मारली आणि हवेतल्या हवेत, जमिनीला हात न लावता, मागच्या मागे दोन कोलांट्या घेतल्या. त्यासाठी वेळ किती मिळतो? जेमतेम एक सेकंद! एवढ्यात दोनदा फिरायचं तर गुडघे छातीशी घेऊन अंग आक्रसून घ्यावं लागतं. अंग जितकं आवळलेलं, तितकी गिरकी जोरात. खोटं वाटतंय? फिरत्या खुर्चीत हात पसरून बसा, कुणाला तरी हळूच फिरवायला सांगा आणि झटकन हात छातीशी घ्या. वेग वाढलाच समजा! जमिनीवर उतरताना खेळाडू बरोब्बर उलट करते. अंग मोकळं सोडते, म्हणजे गिरकी मंदावते. (कोलांट्यांचा प्रयोग मात्र घरी नको. तो गादीवर आणि सरांसमोरच.)

१९८० मध्ये मॉस्कोत नेली आणि नादिया यांना फ्लोअरचं सुवर्ण विभागून मिळालं. नेलीची ऑलिंपिक सुवर्णपदकं झाली पाच. मग खेळणं थांबवून तिनं दक्षिण कोरिया, इटली, बेलारूस इथल्या संघांना शिकवलं. ती आंतरराष्ट्रीय पंचही झाली. २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स महासंघाच्या महिला तांत्रिक समितीच्या अध्यक्षपदी तिची निवड झाली.

तोवर जुन्या गुणपद्धतीची पंचाईत झाली होती. दहाच्या वर गुणच नाहीत, मग आणखी अवघड कसरत करणाऱ्या मुलीला जास्त द्यायचे तरी काय? शिवाय २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये गुणांवरून मोठे वाद झाले. म्हणून २००६ पासून नवे नियम आले. आता दोन गट. पहिल्यात कसरतीच्या काठिण्याचे गुण. दुसऱ्यात सफाईचे, ते दहापासून सुरू होतात आणि चुकीगणिक कापले जातात. शेवटी दोन्हींची बेरीज.

आपल्या दीपा कर्माकरचंच पाहा. २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत तिनं प्रोदुनोव्हा हा धोकादायक व्हॉल्ट केला. काठिण्याचे ७, सफाईचे ८.२६६, एकूण १५.२६६! आधीच्या व्हॉल्टशी सरासरी काढल्यावर झाले १५.०६६. कांस्यपदक फक्त ०.१५० ने हुकलं.

काही लोक म्हणतात, नव्या पद्धतीत जुनी मजा नाही. ‘१४.९’ ऐकून कुणी टाळ्या पिटत नाही, हे खरंच. पण अवघड कसरतीची किंमत तिच्यामुळेच कळते, म्हणून मला तरी ती पटते.

आता पुढच्या वेळी टीव्हीवर जिम्नॅस्टिक्स लागलं, की वही-पेन्सिल घेऊन बसा. उतरताना छोटंसं पाऊल सरकलं, तर ०.१ कापा. पडली, तर पूर्ण १. मग तुमचे सफाईचे गुण पंचांच्या गुणांशी ताडून पाहा आणि किती फरक पडला ते आम्हाला जरूर कळवा!