कोयंबेडूचा नीलम, वेंगुर्ल्याचा रत्ना

जून सरताना चेन्नईच्या कोयंबेडू बाजारात नीलम दिसू लागतो. फळ लहानसं, पण झाड दरवर्षी न चुकता लागणारं. कोकणचा हापूस मात्र एका वर्षी भरभरून, पुढच्या वर्षी रुसलेला!

वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने या दोघांचा संकर केला आणि १९८१ साली ‘रत्ना’ आला. फळ मोठं, शिवाय साक्याची, म्हणजे गर आतून स्पंजासारखा होऊन बिघडण्याची, भीती नाही.

कलम म्हणजे मूळ झाडाची जनुकीय नक्कल. तरीही कन्याकुमारीकडे नीलम वर्षातून दोनदा फळतो, उत्तरेत एकदाच. गुण तेच, मग फरक कुठला? उत्तरेत मोहोराचा इशारा हिवाळ्यातल्या थंड रात्री देतात. जिथे थंडीच नाही, तिथे फांदीची पालवी किती जून झाली यावर बरंच ठरतं. हापूसच्या साक्याचंही तसंच. जमिनीतून परतणारी उष्णता तो वाढवते, झाडाखाली पालापाचोळ्याचं आच्छादन घातलं की प्रमाण घटतं.

म्हणूनच नवं वाण एकाच बागेत पाहून चालत नाही. नीलम आणि दशहरीची लेक ‘मल्लिका’ जन्मली दिल्लीत, पण आज ती दक्षिणेतल्या बागांतही छान रुळली आहे.