पलंगाखालची ट्रंक

रात्रीचे पावणेदहा झाले होते. ओटा पुसून झाला होता, दुधाला विरजण लावून झाले होते, आणि आता घटकाभर पाठ टेकावी म्हणून मी दिव्याच्या बटणाकडे हात नेला, तोच थोरला दारात येऊन उभा राहिला.

“आई, उद्या शाळेत पवनचक्की न्यायची आहे.”

“उद्या? आणि बाईंनी सांगितलं कधी होतं?”

“सोमवारी.”

तो दिवस गुरुवार होता.

ज्या घरात शाळेत जाणारे मूल आहे त्या घरात हा संवाद कधी झालाच नसेल, यावर माझा विश्वास बसणार नाही. पवनचक्कीच्या जागी कोणाकडे ज्वालामुखी असेल, कोणाकडे सूर्यमाला, कोणाकडे रायगड. वेळ मात्र सगळीकडे तीच. दुकाने मिटण्याची आणि आईबापांचे डोळे मिटण्याची!

आमचे हे छत्री घेऊन खाली उतरले. ऑगस्टचा पाऊस धो धो कोसळत होता. कोपऱ्यावरच्या दुकानाचे शटर गुडघ्यापर्यंत आले होते. दुकानदाराने आतून वाकून पाहिले आणि एकच शब्द विचारला, “प्रोजेक्ट?” त्याच्याकडे दोन कार्डशीट शिल्लक होती, तीही जांभळी. दहा मिनिटांत सामान घरपोच आणून देणारी मंडळी त्या पावसात कुठे दडी मारून बसली होती कोण जाणे.

मला आठवले, माळ्यावर जुन्या गणपतीच्या मखरातला थर्माकोलचा एक ताव पडून आहे. थर्माकोलच्या सजावटीवर आणि ताटवाट्यांवर आपल्या राज्यात २०१८ साली बंदी आली. त्याच्या आधीचा तो. त्याचा मनोरा कापला आणि घरात दुसरे काही सापडेना म्हणून चपला चिकटवायचा रबरी गोंद लावला. लावला मात्र, आणि मनोऱ्याच्या पोटात डोळ्यांदेखत खड्डा पडू लागला! त्या गोंदातल्या द्रावकात थर्माकोल विरघळतो, हे ज्ञान मला वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, रात्री अकरा वाजता प्राप्त झाले. मग जांभळ्या कार्डशीटची सुरळी करून नवा मनोरा उभा केला, त्यावर चार पाती चिकटवली, खाली हिरवळ रंगवली, एक गायसुद्धा काढली. पाऊण वाजला. चिरंजीव साडेदहालाच झोपले होते.

पवनचक्कीला ‘अ’ श्रेणी मिळाली. ती वर्गात आठवडाभर मांडून ठेवली होती. घरी आली तेव्हा मी ती बैठकीत, सर्वांना दिसेल अशी ठेवली. खोटे कशाला बोलू, मला तिचा अभिमान वाटत होता.

आमच्या शेजारी वीज मंडळातून निवृत्त झालेले एक काका राहतात. ते एकदा चहाला आले. पवनचक्की पाहून म्हणाले, “वा! तू केलीस का रे?”

“नाही,” थोरला म्हणाला, “आईने केली.”

त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती की खंत नव्हती. चहा आईने केला, तशी पवनचक्कीही आईने केली. काकांनी जवळ जाऊन फुंकर मारली. पाती हलली नाहीत. त्यांनी पुन्हा मारली.

“का बरं फिरत नसेल?” त्यांनी मुलाला विचारले.

“मला काय माहीत,” तो म्हणाला आणि खेळायला निघून गेला.

काकांनी मला हळूच सांगितले की पाती वाऱ्यासमोर अशी सपाट धरली तर ती फिरत नाहीत, त्यांना थोडा तिरपेपणा लागतो. शिवाय मी ती मनोऱ्याला घट्टच चिकटवली होती. म्हणजे माझ्या पवनचक्कीत गाय होती, हिरवळ होती, फक्त पवन आणि चक्की यांचा संबंध नव्हता. पण मला लागले ते ते नव्हे. लागले ते “मला काय माहीत” हे. मुलाच्या नावाने मी जागले, मुलाच्या नावाने श्रेणी मिळवली, आणि त्या सगळ्यात मुलगा कुठेच नव्हता.

त्या संध्याकाळी सासूबाईंनी काही न बोलता पलंगाखालची आपली पत्र्याची ट्रंक ओढून बाहेर काढली. आमच्या घरातला हा जुना वादाचा विषय. दर दिवाळीच्या साफसफाईत हे म्हणणार, “आई, आता हा उकिरडा रद्दीवाल्याला देऊ या,” आणि सासूबाई ऐकू न आल्यासारखे करणार. मीही मनातून यांच्याच बाजूची होते. त्या दिवशी मी पहिल्यांदा ती ट्रंक नीट पाहिली. लग्नपत्रिकांचे गठ्ठे, सुती दोऱ्याची रिकामी रिळे, लोकरीचे उरलेसुरले गुंडे, नव्या शर्टांतले पुठ्ठे, जुन्या दिनदर्शिकांची पाने, काड्यापेट्या, सुतळी, बटणांचा डबा. आणि तळाशी एक टकळी.

टकळी त्यांच्या शाळेतली. त्या सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात शिकल्या. हस्तव्यवसायाच्या तासाला सूत काततानाचा त्यांचा मुख्य अनुभव म्हणजे पेळू तुटणे आणि बाईंची पट्टी बसणे. हाताने काही घडवता घडवता शिकावे, हा विचार गांधीजींनी १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत मांडला आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने त्याचा अभ्यासक्रम आखला. पुढे कोठारी आयोगाने (१९६४–६६) ‘कार्यानुभव’ हा शब्द दिला. शब्द छान आहे. ज्याने कार्य करायचे त्यालाच अनुभव यायचा, हे त्यात गृहीत धरलेले असावे. माझ्या घरी कार्य मी करत होते आणि अनुभवही मलाच येत होता, विशेषतः थर्माकोलचा.

सासूबाई म्हणाल्या, “ही ट्रंक आता पोरांची. मात्र एक अट. यातलं काही घ्यायला त्यांनी कोणाला विचारायचं नाही.”

ही अट ऐकायला सोपी वाटते. पाळायला फार महाग पडते! पहिल्या आठवड्यात धाकटीने एका काड्यापेटीवर चिकटपट्टीचे अख्खे रीळ गुंडाळले. का, तर आत मुंगी झोपली आहे. पहिल्या महिन्यात गोंदाच्या तीन बाटल्या संपल्या. यांचा पारा चढला. माझाही चढला असता, पण मला ती जांभळी पवनचक्की आठवत होती. दुसऱ्या महिन्यात नासाडी आपोआप कमी झाली. जी वस्तू उद्याही तिथेच असणार आहे, तिची आज लूट करण्यात पोरांना गंमत उरत नसावी.

ट्रंक हळूहळू भरत गेली तशा आम्हीही काही गोष्टी शिकलो. कार्डशीट सुरळी करून ठेवू नये. ती इतकी हट्टी होते की चिकटवताना चारी कोपऱ्यांवर माणसे बसवावी लागतात. आमची कार्डशीटे गादीखाली असतात. स्केचपेने उभी न ठेवता आडवी ठेवावीत. रंगांच्या बारा बाटल्यांपेक्षा तांबडा, पिवळा, निळा, पांढरा आणि काळा एवढ्या पाच पुरतात. बाकीचे रंग पोरे करतात, आणि हिरवा आपल्या हाताने झाला की त्याचे त्यांना कोण कौतुक! कापडाची कात्री आणि कागदाची कात्री वेगळी हवी. कागदाने कात्रीची धार जाते. हा सासूबाईंचा कायदा असून त्याला अपील नाही. मिठाईचे खोके उत्तम, पण आधी ओल्या फडक्याने पुसून उन्हात वाळवावे; नाहीतर ट्रंकेत मुंग्यांची आणि पाठोपाठ झुरळांची वस्ती होते. जुन्या खेळण्यांतल्या बॅटऱ्या काढून टाकाव्यात, त्या गळतात. आणि घड्याळातल्या चपट्या गोल बॅटऱ्या लहान मुलाच्या हाताला लागूच देऊ नयेत, पोटात गेल्या तर जिवावर बेतते. कागद कापायचा कटर तेवढा अजून माझ्या कपाटात असतो. विचारायचे नाही या नियमाला तो एकच अपवाद.

चिकटवण्याचे आता माझे दोन उपाय आहेत. लाकूड आणि पुठ्ठा यांना पांढरा गोंद. आपल्याकडे फेव्हिकॉल १९५९ साली आला; त्याआधी सुतार तापवून पातळ केलेला सरस वापरत, हे सासूबाईंनी पाहिलेले आहे. कागदाला मात्र घरची खळ. दोन चमचे मैदा, वाटीभर पाणी, गुठळ्या मोडून मंद आचेवर ढवळत राहायचे; पांढरा रंग जाऊन ती काचेसारखी दिसू लागली की झाली. दुसऱ्या दिवशी आंबते, म्हणून लागेल तेवढीच करावी. ती करायला धाकटीला फार आवडते, कारण चाखून पाहता येते.

विकत काय आणावे? आमच्या पुण्यात अप्पा बळवंत चौकात किंवा बोहरी आळीत पिशवी घेऊन गेले की वर्षाची बेगमी होते. पण आम्ही आणलेल्या सामानात सर्वांत मोलाची ठरली ती सायकलवाल्याकडची व्हॉल्व्ह ट्यूब. ही युक्ती आमची नव्हे, अरविंद गुप्ता यांची. मध्य प्रदेशात होशंगाबादला मुलांसाठी विज्ञान शिकवण्याचा उपक्रम चालू होता. तिथे १९७८ साली गेले असता त्यांनी या बारीक रबरी नळीचे तुकडे वापरून काड्यापेटीतल्या काड्या एकमेकींना जोडल्या. पुढे ते आमच्या पुण्यातच, ‘आयुका’च्या बालविज्ञान केंद्रात, टाकाऊ वस्तूंची खेळणी करत राहिले. कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तर महागड्या साधनांऐवजी बिया, खडे, शिंपले, पाने यांवरच बालवाडी चालवली होती. म्हणजे सासूबाईंचा ‘उकिरडा’ चांगल्या सोबतीत होता.

थोरल्याने काड्यांचे गुल खरवडून टाकले आणि चार काड्यांचा चौकोन जोडला. तो बोट लावताच कलंडला. तीन काड्यांचा त्रिकोण जोडला. तो काही केल्या वाकेना. तासभर तो एकदा हे, एकदा ते दाबत बसला होता. मी स्वयंपाकघरातून पाहत होते. सांगायचे होते पुष्कळ, पण मी कुकरच्या शिट्ट्या मोजल्या. रविवारी लोणावळ्याला जाताना रेल्वेचा लोखंडी पूल आला, तेव्हा तो डब्यात ओरडला, “बाबा, त्रिकोण! सगळे त्रिकोण आहेत!”

पुढच्या सत्रात शाळेने ‘पूल’ हाच विषय दिला. या वेळी मला कळले ते सोमवारीच, आणि तेही खराट्यातल्या काड्या कमी झाल्या म्हणून. पूल झाला. बघायला गेले तर दरिद्रीच झाला. काड्या कमीजास्त लांबीच्या, एक बाजू फुगलेली, रंगाचा पत्ता नाही. बुधवारी रात्री सगळे झोपल्यावर मी तो हातात घेतला. दोन टोके कापली असती, चंदेरी रंगाचा एक हात मारला असता, तर काय देखणा दिसला असता! कात्री खरोखर माझ्या हातात होती. पाच मिनिटे मी तशीच उभी होते. मग पूल जागेवर ठेवला आणि झोपायला गेले. त्या रात्री झोप मात्र पाऊण वाजताच लागली.

पुलाला ‘ब’ मिळाला. खाली शेरा होता, ‘नीटनेटकेपणा हवा.’ शेजारच्या बाकावरच्या मुलाचा पूल दुकानातून तयार आणलेला होता, त्याला ‘अ’. थोरला घरी येऊन जेवला नाही. बाईंना एक खरमरीत चिठ्ठी लिहावी असे माझ्या मनात आले. तिचा मसुदाही तयार होता. पण चाळीस मुलांच्या वर्गात बाईंना कोण कोणाचा पूल हे कसे कळावे? आणि पहिल्या सत्रात ‘अ’ मिळाला तेव्हा मी कुठे चिठ्ठी लिहिली होती?

रात्री आठच्या सुमारास बैठकीतून आवाज येऊ लागले. त्याने दोन खुर्च्यांमध्ये पूल ठेवला होता आणि त्याच्यावर एकेक वस्तू चढवत होता. डबा. पाण्याची बाटली. विज्ञानाचे पुस्तक. भूगोल. धाकटी जमिनीवर पालथी पडून खालून पाहत होती. आमचे हे वर्तमानपत्र बाजूला टाकून म्हणाले, “थांब, शब्दकोश आणतो.” शब्दकोश ठेवल्यावर उजवीकडची एक नळी निसटली आणि सगळा डोलारा खाली आला.

“कळलं!” थोरला म्हणाला. “इथे एक आडवी काडी हवी होती.” आणि मग, “आई, भूक लागली.”

जांभळ्या पवनचक्कीची पाती त्यानेच एका सुट्टीत उपटून काढली आणि तिरपी कापून टाचणीवर बसवली. टाचणीत पातीच्या मागे एक मणी घातला की घर्षण कमी होऊन पाती मोकळी फिरते, हे त्याला काकांनी सांगितले की त्याचे त्याला सुचले, मी विचारले नाही. मणी मात्र माझ्या तुटलेल्या माळेतला होता.

यंदाच्या साफसफाईत ट्रंकेचा विषय निघालाच नाही. उलट हेच परवा कचेरीतून येताना भेटवस्तूंचे चार रिकामे खोके काखेत मारून आले. बुरुडाकडून कामट्या आणल्या, पतंगी कागद आणला, खळ शिजली, आणि दोन दिवस बैठकीत पाय ठेवायला जागा नव्हती. आकाशकंदील आता गॅलरीत लागला आहे. तो डावीकडे चांगलाच कलला आहे, समोरच्या इमारतीतल्या बाई कालच म्हणाल्या, “अहो, तुमचा कंदील वाकडा झालाय.” मी म्हटले, “हो.” खालच्या झिरमिळ्यांतली एक कमी आहे. ती कुठे गेली, हे धाकटीला आणि तिच्या मुंगीला ठाऊक असावे.