मंद आचेचं काम

जुन्या दारावरचा ऑइलपेंट काढायचा म्हटला की आपल्याकडे वाटा ठरलेल्या आहेत. एखादा रंगारी ब्लो लॅम्प पेटवतो, एखादा पेंट रिमूव्हरचा डबा उघडतो, आणि ज्याला या दोन्हींची धास्ती वाटते तो पॉलिश पेपर घेऊन घासत बसतो. अलीकडे हॉट एअर गनही हाताशी आली आहे. रंग चारही प्रकारे निघतो. पण ब्लो लॅम्पने लाकूड करपतं, रिमूव्हरने कातडी भाजते आणि डोकं गरगरतं, घासण्याने कोरीव कामाच्या कडा जातात आणि घरभर धूळ होते, गनच्या झोताने फटीतली जळमटं धुमसायला लागतात. रंगाबरोबर आणखी काय गमवायचं, एवढीच काय ती निवड आपल्या हाती उरते.

ही निवड थोडी सुसह्य करणारं एक यंत्र स्वीडनमध्ये तयार झालं. बिर्गर एरिक्सन नावाच्या गृहस्थांनी ते घडवलं आणि ‘स्पीडहीटर’ या नावाने ते विकलं जाऊ लागलं. पुढे अमेरिकेत जुन्या घरांची डागडुजी करणाऱ्या मंडळींमध्ये त्याच कुळातलं यंत्र ‘सायलेंट पेंट रिमूव्हर’ म्हणून पोहोचलं. नावात जाहिरातबाजी असली तरी ते खोटं नाही. या यंत्राला पंखा नाही, मोटर नाही, ज्योत नाही. पत्र्याची एक आयताकृती पेटी, तिच्या आत चकचकीत परावर्तक, त्याच्यापुढे क्वार्ट्झच्या नळ्या, नळ्यांत तारेची वेटोळी, समोर जाळी आणि वर मूठ. बटण दाबलं की नळ्या लालसर-पिवळ्या होतात. बस्स. त्याचं जुनं, सर्वांत परिचित मॉडेल ११०० वॅटचं आहे, म्हणजे बहुतेक हॉट एअर गनपेक्षा ते वीज कमीच खातं.

मग कमी विजेत जास्त काम कसं होतं? इथे विल्यम हर्शेल यांना भेटायला हवं. युरेनस शोधणारे हेच ते खगोलशास्त्रज्ञ. १८०० साली सूर्यप्रकाश लोलकातून पाडून कोणत्या रंगात किती उष्णता आहे हे ते थर्मामीटरने मोजत होते. तांबड्या पट्ट्याच्या पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नव्हतं, तिथे ठेवलेला थर्मामीटर सगळ्यांत जास्त चढला. हेच अवरक्त किरण, इन्फ्रारेड. कारखानदारीने ते हाताशी घेतले ते मात्र उलट कामासाठी. १९३०च्या दशकात अमेरिकेत फोर्ड कंपनीने मोटारींच्या सांगाड्यांवरचा रंग वाळवायला इन्फ्रारेड दिव्यांच्या रांगा लावल्या. जे किरण रंग पक्का बसवायला आले, तेच पुढे रंग सोडवायच्या कामी लागले, ही गंमत मला या यंत्राच्या कुठल्याही माहितीपत्रकात वाचायला मिळालेली नाही.

गनमधला गरम वारा आधी रंगाच्या पृष्ठभागाला भिडतो. वरचा थर तापतो, मऊ होतो, कधी जळतो. उष्णता तिथून हळूहळू खाली झिरपायची असते. रंग हा मुळात उष्णतेचा वाईट वाहक, त्यामुळे आठ-दहा थरांच्या तळाशी असलेला, लाकडाला चिकटलेला पहिला थर तापेपर्यंत वरच्याचा कोळसा होतो. इन्फ्रारेड किरणांना मध्ये हवा तापवावी लागत नाही. ते थेट पदार्थात शिरतात आणि तिथे शोषले जाऊन उष्णता होतात. तेलाच्या आणि राळेच्या रेणूंमधले बंध, तसंच लाकडातलं पाणी, या लहरींचं जोरदार शोषण करतात. त्यामुळे थर जवळजवळ एकत्रच तापतात, त्यांच्यामागच्या लाकडातला ओलावा वाफ होऊन बाहेर यायला बघतो आणि रंगाला आतून उचलतो. निखाऱ्यावर धरलेल्या पापडासारखे रंगावर फोड येतात. रंग साधारण २०० ते ३०० अंश सेल्सिअसवर सुटतो आणि त्याच्या पुढे नेण्याची गरजच नसते. यंत्राची सारी करामत या कमी तापमानात आहे, आणि लोकांचा गैरसमज नेमका इथेच होतो. जास्त आच म्हणजे जास्त काम, असं त्यांना वाटतं.

कामाची पद्धत बघण्यासारखी आहे. खिडकीचं झडप बिजागऱ्यांतून काढून टेबलावर आडवं ठेवलेलं असतं. एका हातात पेटी, लाकडापासून दोन-तीन बोटं वर, दुसऱ्या हातात टंग्स्टन कार्बाइडच्या पात्याचा स्क्रॅपर. पेटी एका जागी थांबते. वीस सेकंद, तीस सेकंद, जाड थर असतील तर मिनिटभर. आधी वास येतो, जुन्या जवस तेलाचा, थोडा उग्र. मग पृष्ठभाग चमकायला लागतो, मग फोड येतात, आणि धुराची पहिली रेघ दिसली की पेटी पुढच्या पट्ट्यावर सरकवायची. लगेच स्क्रॅपर मागच्या पट्ट्यावर, लाकडाच्या रेषेच्या दिशेने, आपल्याकडे ओढत. रंग लांबट पट्टीत गुंडाळत निघतो, चिखलाइतका मऊ, आणि टेबलावर पडेपर्यंत कडक होतो. तो पट्टा खरवडून होईतो पुढचा तापलेला असतो. हात एकदा लयीत आले की काम चालत राहतं. पण लय बिघडली, मध्येच कुणाशी बोलायला मान वळवली, की लाकूड तपकिरी पडतं. धूर निघाला की सरकायचं, हा नियम मोडायला सगळ्यांनाच मोह होतो, कारण ‘आणखी पाच सेकंद’ थांबलं तर सगळंच निघेल असं वाटत असतं.

पृष्ठभागावर रंगाचे डाग राहतातच. त्यावरचा उपाय गमतीचा आहे. त्यांच्यावर जवस तेल चोळायचं, पुन्हा थोडी आच द्यायची आणि पुसून काढायचं. इथे एक धोका आहे. जवस तेलाने भिजलेली चिंधी गोळा करून कोपऱ्यात फेकली तर ती स्वतःच तापून पेट घेऊ शकते. तेल वाळताना उष्णता सोडतं आणि गोळ्यात ती अडकून बसते. चिंध्या पसरून वाळवायच्या किंवा पाण्यात बुडवून ठेवायच्या. पाण्याची बादली तर कामाच्या जागी पहिल्यापासून हवीच.

या यंत्राला चांगले दिवस आले ते मात्र लाकडाच्या प्रेमापोटी कमी आणि शिशाच्या भीतीपोटी जास्त. जुन्या तेलरंगात सफेदा असे, म्हणजे शिशाचं कार्बोनेट. तो रंगाला चिवटपणा देई, लवकर वाळवी, पावसापाण्यात टिकवी. म्हणूनच खिडक्या-दारं, वऱ्हांड्याचे कठडे, सगळीकडे तो मारला जाई. १९०४ साली ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनमधल्या लॉकहार्ट गिब्सन नावाच्या डॉक्टरांनी लिहून ठेवलं की क्वीन्सलंडमधल्या मुलांना होणाऱ्या शिशाच्या विषबाधेचं मूळ घराच्या रंगवलेल्या कठड्यांत आणि भिंतींत आहे. १९२१ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने घराच्या आतल्या रंगकामात सफेद्यावर बंदी घालणारा करार केला. अमेरिकेने मात्र १९७८पर्यंत वाट पाहिली. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर नियम झाले २०१६ मध्ये. दहा लाख भागांत ९० भाग ही मर्यादा त्यानंतर वर्षभराने लागू झाली. म्हणजे त्याआधी रंगवलेल्या कुठल्याही दारावर शिसं असू शकतं, आणि ते दार वाड्याचंच असायला हवं असं नाही, फ्लॅटच्या ग्रिललाही तीच शंका लागू आहे.

असा रंग घासला तर शिशाची धूळ होते, आणि जाळला तर शिशाची वाफ. लहान मूल त्या धुळीत रांगतं, हात तोंडात घालतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शिशाची कुठलीच मात्रा सुरक्षित म्हणता येत नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००८ साली केलेल्या नियमांनी १९७८पूर्वीच्या घरांत उघड्या ज्योतीने रंग जाळायला बंदी घातली, आणि हॉट एअर गनला ५९३ अंश सेल्सिअसची मर्यादा घातली. इन्फ्रारेड यंत्र या मर्यादेच्या खूप खाली काम करतं. रंग सुटतो, पण शिसं वाफ होऊन उडत नाही. ते त्या गुंडाळलेल्या पट्ट्यांतच राहतं. याच सुमारास रसायनांची बाजूही पडत होती. पेंट रिमूव्हरमधलं मेथिलीन क्लोराइड बंद न्हाणीघरात वापरताना कामगार गुदमरून मेल्याच्या घटना अमेरिकेत घडल्या, आणि २०१९मध्ये तिथे ते सामान्य गिऱ्हाइकाला विकायला बंदी आली. उरलेल्या पर्यायांत विनावारा, विनाज्योत आच ही सगळ्यांत समजूतदार ठरली.

विक्रेते यावरून ‘सुरक्षित’ हा शब्द सैल हाताने वापरतात, तो मला पटत नाही. शिसं कुठे गेलेलं नसतं. पट्ट्या पडतात, पाय पडून त्यांचा चुरा होतो, चुऱ्याची धूळ होते. खाली प्लास्टिकचा कागद, तोंडाला चांगला गाळणीचा मास्क, कामानंतर हात-तोंड धुणं आणि कपडे वेगळे धुणं, यातलं काहीच सुटत नाही. आणि खरवडलेला रंग किंवा रंगाचे लाकडी तुकडे बंबात घालून पाणी तापवायचा विचार तर मनातही येऊ देऊ नये. धुरात शिसं जातं, राखेत शिसं उरतं, आणि तीच राख कुठे तरी भांडी घासायला जायची.

यंत्राच्या मर्यादा तिथे आहेत जिथे आपली रुची आहे. पेटी सपाट पृष्ठभागासाठी बनलेली. फळी, चौकट, झडप, खिडकीची उंबरठापट्टी, इथे ती राजा. महिरपीवरची वेलबुट्टी, दाराच्या गणेशपट्टीवरची घडण, कोरलेलं कमळ, इथे उंच भाग आधी तापतो आणि खोल भाग थंडच राहतो. तिथे लहान तोंडाची यंत्रं वापरतात, बारीक पटाशा वापरतात, आणि बरंच काम हातानेच करावं लागतं. काचेशेजारी काम करताना ॲल्युमिनियमच्या पट्टीचं आच्छादन न लावल्यास काच तडकते. काचेभोवतीची जुनी लांबी, म्हणजे पुट्टी, मात्र या आचेने आरामात मऊ होते, आणि काच न फोडता काढता येते. छिन्नीने लांबी फोडताना काच कशी जाते हे ज्याने पाहिलं आहे, तो एवढ्या एका गुणासाठीही यंत्राला मानेल. लाखेचं पॉलिश फार लवकर वितळतं, तिथे आच कमी आणि वेळ अगदी थोडा. पाण्याच्या पायाचे नवे रंग तर निघायच्या ऐवजी च्युइंगमच्या चालीवर ताणले जातात. चंदेरी, धातूच्या चुऱ्याचा रंग किरण परतवून लावतो. आणि लाकडाच्या मागे पोकळी असेल, तिथे पाखरांची घरटी असतील, वाळलेला कचरा असेल, तर मंद आचही आग लावू शकते. यंत्र बंद केल्यानंतरही काही वेळ त्या जागेवर नजर ठेवावी लागते.

या सगळ्यापूर्वीचा प्रश्न खरं तर असा: रंग काढायचाच का? अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेने १९८२ साली जुन्या लाकडी कामावरच्या बाहेरच्या रंगाबद्दल एक पुस्तिका काढली, इन्फ्रारेड पेटी बाजारात येण्याच्या आधी. तिचं म्हणणं साधं होतं. रंग सुटला असेल तर त्याखालच्या पहिल्या पक्क्या थरापर्यंतच उतरा. सगळा रंग काढणं हा शेवटचा उपाय. जिथे थरांवर मगरीच्या पाठीसारख्या भेगा पडल्या आहेत, तिथेच तो योग्य. ब्लो टॉर्चला तिने तेव्हाच नकार दिला होता. मला यात मोठं शहाणपण दिसतं, कारण सोयीचं यंत्र हातात आलं की माणूस नको तेवढं उतरवतो. रंगाचे थर म्हणजे त्या घराच्या सगळ्या दुरुस्त्यांचा हिशेब असतो. कुठल्या पिढीने हिरवं केलं, कुणी पांढरं, मुळात काय होतं, हे तिथे वाचता येतं. बिजागरीच्या बाजूला हाताच्या तळव्याएवढा पट्टा रंगासकट सोडला तर काही बिघडत नाही.

स्वीडनमध्ये या यंत्रामागे लाकडाचा हिशेब आहे. जुन्या खिडक्या सावकाश वाढलेल्या पाइनच्या गाभ्याच्या. त्यांचा पोत दाट, राळेने भरलेला, आणि तसं लाकूड आज नव्याने मिळणं कठीण. तेवढं वाचवायचं असेल तर करपवून, घासून चालत नाही. आपल्याकडे हा हिशेब सागवानाचा आहे. पुण्यातल्या वाड्यांत आणि मुंबईच्या जुन्या इमारतींत, जिथे ब्रह्मदेशाचा साग जहाजांनी येई, दारा-खिडक्यांच्या लाकडांच्या जवळपासही आजच्या दुकानातला साग येत नाही. आणि त्यांच्यावर ऑइलपेंटचे थर दिवाळीमागून दिवाळी चढत गेलेले. या लाकडांना सांभाळायचं म्हटलं तर यंत्र एकट्याने पुरत नाही. सागात स्वतःचं तेल असतं. आच दिल्यावर वर आलेलं तेल स्पिरिटने पुसलं नाही, तर नवं पॉलिश चिकटायला कुरकुर करतं. आणि रंग उतरलेलं लाकूड फार दिवस उघडं ठेवू नये, ऊन आणि पाऊस त्याचा पृष्ठभाग करडा करून टाकतात. झडप टेबलावरून उतरलं की दोन-चार दिवसांत त्याला पहिला हात मिळायला हवा.